चि. रुक्मिणीस

भाईंदरच्या झेरॉक्सच्या दुकानात पुढच्या बाईच्या हातातल्या पत्रांवरचं अक्षर संचिताने लगेच ओळखलं. ते तिच्या वडिलांचं होतं. प्रसिद्ध लेखक महिपत पालांडे वारून वर्ष झालं होतं.

“एवढी सगली तुला लिवली, रुक्मिणी?” त्या बाईची मैत्रीण विचारत होती.

“दोनशे सात हायेत. मोरव्याच्या शालेत भाषणाला आलेले, तवापासून मी त्यांची मानलेली लेक.”

“काय लिवायचे?”

“सगला. काय सुचत न्हाय, गुडघा किती दुखतो.”

“सख्खी मुलगी हाय ना त्यांना?”

“हाय. तिचा लय राग यायचा मला.”

“तो कशाला?”

“बाप घरातच व्हता तिचा. कधी पन जाऊन बाजूला बसावा.”

संचिताला राहवलं नाही. “कधी लिहायचे हो ते?”

“रविवारी सकाली. वार लिवलाय बघा सगल्यांवर. तुम्ही वाचता त्यांची पुस्तकं?”

“हो.”

रविवारी सकाळी बाबांच्या बंद दाराबाहेर संचिता चहा ठेवायची. कादंबरी चाललीय, आत जाऊ नकोस, असं आई बजावायची.

“एखादं वाचू?”

“न्हाय हो,” रुक्मिणीने गठ्ठा छातीशी धरला. “घरचं हाय ते.”