थंडीतला एसी

हसू नका, पण थंडीत गाडीचा एसी लावतात हे मला ठाऊकच नव्हतं. त्या सकाळी ऑफिसचा डबा भरत होतो, तेवढ्यात चाकणहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, आईचं काय खरं न्हाई. लगेच नीघ."

बायकोला घेऊन थेरगावातून निघालो. बंद गाडीत आमच्याच श्वासाची वाफ काचेवर धरली. समोरचं दिसेना. दर थोड्या वेळाने गाडी थांबवून मी रुमालाने काच पुसत होतो.

"अहो, एसी लावा."

"या थंडीत? वेड लागलंय का?"

शेवटी रस्त्यात शेजारी थांबलेला ट्रकवाला ओरडला, "काका, पुसताय काय? एसी लावा की!"

लावला. दोन मिनिटांत काच लख्ख झाली.

दारातच भाऊ म्हणाला, "आत्ताच गेली, दादा."

आईच्या तोंडात पाणी घालायचं माझ्याकडून राहून गेलं.