चोरून न्यायचा मोगरा

काय सांगू, आमच्या सुशीनं शेजारच्या पारूकाकूंचा पेरू न विचारता तोडला आणि मी रात्रभर जागी. पोर पुढं चोर निघाली तर? मराठी सातवी झालेल्या आईला असल्याच काळज्या सुचतात. भोरात आमची परसं एकमेकांना चिकटलेली. सकाळी सुशीला घेऊन पेरू परत द्यायला गेले.

काकूंनी पेरू फिरवून पाहिला आणि सुरू झाल्या. "पोरीला वळण लाव गं. बुकं शिकून काय उपेग? आमी कुणाच्या पानाला हात लावत न्हाई."

मी खाली मान घालून ऐकलं. मग विषय बदलावा म्हणून त्यांच्या मोगऱ्याची फांदी मागितली.

"मागू नगंस! मागितलेला मोगरा जगत न्हाई, चोरूनच न्यायचा असतो. मी पाठ करती, तू मोड."

त्यांनी पाठ केली, मी फांदी मोडली. सुशी डोळे फाडून बघत होती.

"ही चोरी नव्हे हं," मी घाईघाईनं समजावलं. "रीत आहे. ज्याचं झाड, त्यानं पाठ केली की झालं."

सुशीनं जरा विचार केला. "मग काल काकूंनी आपली वांगी नेली, तेव्हा तू पाठ केली होतीस का?"