डोळ्यांच्या रेषेत

(कपड्यांच्या कारखान्यातली कापणीची खोली, जेवणाची सुट्टी. आत्यावर काढलेली फिल्म भाची तिला लॅपटॉपवर दाखवते आहे.)

आत्या: थांबव जरा. ही कोण म्हातारी?

भाची: तूच की, आत्या.

आत्या: मी? ही तर विहिरीत पडल्यासारखी दिसतेय.

भाची: स्टुलावर उभी राहून घेतलंय ना. वरून घेतलं की माणूस लहान दिसतो, एकटा दिसतो. मला तसंच हवं होतं.

आत्या: एकटी? इथे आम्ही चौदा जणी आहोत.

भाची: त्या चौकटीबाहेर राहिल्या.

आत्या: राहिल्या, की ठेवल्यास?

भाची: ठेवल्या.

आत्या: हं. चालव पुढे. हा माझा हात. पडदाभर नुसता हातच.

भाची: क्लोजअप आहे. दोन बोटं नाहीत, ते बघणाऱ्याला दिसायला हवं.

आत्या: दिसलं. आणि हाताखाली काय आहे? कापडाचे चाळीस थर एका रेघेत कापलेत, सुताचाही फरक नाही. ते कुठाय?

भाची: तेवढं मावलं नाही गं.

आत्या: दोन पावलं मागे सरकली असतीस तर मावलं असतं. बोटं जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यानंतरही कापतेच आहे मी. तुझ्या फिल्ममध्ये मात्र रोज उठून बोटंच गमावते.

भाची: लोकांना कणव यावी म्हणून...

आत्या: त्या कणवेचं काय लोणचं घालू?

भाची: बरं, मग खालून घेते. खालून माणूस भव्य दिसतो. लहानपणी मी या टेबलाखाली बसायचे, तिथून तू छताला टेकलेली दिसायचीस.

आत्या: नको बाई, हरभऱ्याच्या झाडावरही चढवू नकोस.

भाची: मग घेऊ तरी कुठून?

आत्या: खुर्ची ओढ, समोर बस. एरवी माझ्याशी बोलताना कुठून बघतेस?

भाची: डोळ्यांच्या रेषेत. ही बसले. टेबल येतंय, कापड येतंय. मागे त्या दोघी डबा खातायत.

आत्या: असू देत. आता विचार.

भाची: काय?

आत्या: फिल्ममधला तुझा आवाज म्हणतो, 'दमून तिचा डोळा लागला.' कुणी सांगितलं तुला?

भाची: बाबांनी.

आत्या: दादाला मीच तसं सांगितलं होतं. तू मला कधी विचारलंच नाहीस.

भाची: कसं झालं, आत्या?

आत्या: हसत होते. शेजारच्या मशीनवरचीनं काहीतरी विनोद केला. मी तिच्याकडे मान वळवली, हात पुढे गेला.

भाची: आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?

आत्या: बोटं कापली तेव्हा हसत होते, असं कुणाला सांगणार? ती बिचारी तर वर्षभर माझ्यासमोर आली नाही. शेवटी मीच गेले तिच्या घरी.

भाची: काय होता विनोद?

आत्या: तेच तर. दवाखाना आठवतो, टाके आठवतात, डॉक्टरांचा चष्मासुद्धा आठवतो. तो तेवढा आठवत नाही. पण पोट दुखेपर्यंत हसलो होतो.