न बोलणाऱ्याशी

तिसगावच्या स्टँडवर रतनबाईशेजारी दोघी नणंदा-भावजया येऊन टेकल्या. भावजय एलिझाबेथ थकलेली, नणंद एंजेला तिच्याहून धाकटी. ऐकायचं मनात नव्हतं, पण बाकडंच एक.

“माज्या जस्टिनची माती झाली, तवापास्नं मी चर्चमधी पाय ठिवला न्हाई, वैनी. आता बोलवूबी नका.”

“बरं.”

“लेकरू दवाखान्यात हुतं तवा रातंदिस गुडघ्यावर हुते मी. ऐकलं का देवानं?”

“न्हाई ऐकलं.”

“तरी तुमी रोज सकाळी प्रार्थनेला बसता. बोलता तरी कुनाशी येवढं?”

“तुज्या दादाच्या अंगावरनं वारं गेलं, वाचा गेली, त्याला लई वर्सं झाली. रोज चहा पाजताना मी बोलतेच की त्यांच्याशी.”

“दादाला कळतं का?”

“डोळं उघडं असत्यात. कळतं का, ते काय ठावं न्हाई.”

“थकत न्हाई का तुमी?”

“लई थकते गं. तुला काय वाटलं?”

पाथर्डीची एसटी लागली. रतनबाई पिशवी घेऊन उठली. त्या दोघी बसूनच होत्या.

“वैनी, उद्या देवाशी बोलाल, तवा माज्या जस्टिनचं नाव घ्या. मला न्हाई जमायचं.”

“रोजच घेते.”