तळहाताएवढ्या जीपची पूजा

अंबडहून जालन्याला निघालेल्या बसमध्ये अंतरानं कानातला हेडफोन हळूच काढला. पुढच्या सीटवरचे काका मांडीवरचं चपलांचं खोकं छातीशी धरून बसले होते आणि शेजारी त्यांची बायको, उषाबाई.

“आणा, मी धरते.”

“हात लावू नको. तीन महिने किटमधला एकेक तुकडा चिकटवून जीप उभी केली, अन् तू पाच मिन्टात लंगडी केली.”

“नव्या गाडीची पूजाच केली ना?”

“चाकाखाली लिंबू ठेवलं तू!”

“ठेवतातच की.”

“अगं, खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा हाय ही. चाकापेक्षा लिंबू मोठं!”

“म्हणून तर चढंना. मंग जरा अंगठ्यानं दाबली.”

“अन् चाक उडालं, ते थेट प्रसादाच्या शिऱ्यात!”

“राधेश्याम भाऊजी न चावता गिळतात, हे मला काय माहीत?”

अंतरानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

“आता दुकानदाराला काय सांगू? पाहुण्यानं चाक खाल्लं म्हणून?”

“स्टेपनी पाहिजे म्हणा. चाक बसलं की परत पूजा करू.”

“लिंबू बिलकुल न्हाई हां!”

“न्हाई हो. हे बघा.” उषाबाईंनी पदराची गाठ सोडली. “लिंबाच्या जागी मोहरी.”

“अन् नारळ?”

“वाटाणा. चोविसावा हिस्सा बराबर भरतो का न्हाई?”

काकांनी वाटाणा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाह्यला.

“घे, खोकं तू धर,” ते म्हणाले. “नारळ मात्र मी फोडणार.”