टोल कापल्याचा मेसेज

गाडी विकतोयस ना? मग काचेवरचा फास्टॅग आधी बंद कर. मी न्हाई केला.

माझी जुनी व्हॅन कुरकुंभच्या एका मामांनी घेतली. पुढच्याच मंगळवारी मी न्हावऱ्यात कांद्याला पाणी देतोय, आन् माझ्या मोबाइलवर टोल कापल्याचा मेसेज. सकाळी जाताना एक, संध्याकाळी येताना एक. शुक्रवारी पुन्हा तेच. डोकंच फिरलं. फोन लावला, म्हणलं, "मामा, गाडी तुमची आन् टोल माझा व्हय? लाज वाटत न्हाई?"

मामा म्हणले, "चुकलं दादा. बायकोला डायलिसिसला पुण्याला न्यावं लागतंय. ह्या गडबडीत ध्यानातच आलं न्हाई. आजच बदलतो."

म्हणलं, "राहू द्या."

मग सवयच लागली. मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी मोबाइल वाजला की आमची ही आतनं विचारायची, "आल्या का मामी घरी?" तिनं त्यांना कधी बघितलंबी न्हाई.

मागच्या शुक्रवारी सकाळचा मेसेज आला, संध्याकाळचा आलाच न्हाई. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी दुपारी आला. मी लगेच फोन केला, "मामा, आल्या ना मामी घरी?"

"शुक्रवारीच आणली, अँब्युलन्सनं. काल सावडणं झालं. गाडी दवाखान्यातच राह्यली व्हती, ती आज आणली." मग म्हणले, "दादा, तुमचा टॅग आता बंद करा. मला आता पुण्याला जायचं न्हाई."