जबडा मिटल्याचा आवाज

हॅलो?… हां, बोल लॅव्हॉन… छे गं, कसली झोपतेय. अंगणात ट्रकच्या हौद्यात बसलेय, पाय खाली सोडून, कॉफी घेऊन… आहे ना थंडी. पण वरून क्रौंच चाललेत दक्षिणेला, थव्यामागून थवे. ऐकत बसलं की आपणही जमिनीपासून जरासे सुटलोय असं वाटतं… नाही, काही प्यायलेली नाही. कॉफी म्हटलं ना.

हो… हो… अगं ऐक ना. ओमाहाला तुझ्या शेजारचा फ्लॅट आमच्यासाठी मोकळा आहे, मला माहितेय. लिफ्टसुद्धा माहितेय. पण टेक्सासच्या समुद्रावर जायचं की नाही, ते या हिचवर अडलंय… हिच गं. हा माझ्या शेजारी बसलाय तो लोखंडी जबडा. आमच्या त्या राहायच्या ट्रेलरचा खुंटा यात अडकतो… मागच्या बंपरला? एवढं मोठं घर बंपरला कोण बांधतं?

व्हर्लिन ना? ट्रेलरमध्ये. रोज संध्याकाळी जाऊन बसतो, दिवासुद्धा लावत नाही. खिडकीबाहेर समुद्र आहे असं धरून चालायचं म्हणे… डोळे तसेच. मधोमध डाग, कडेकडेचं दिसतं. परवा म्हणाला, आर्डिथ, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. आता कुठे संसार सुखाचा झाला… हस, हस. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

गाडी मीच चालवणार, मग काय… स्कूलबस चालवलीय मी, लॅव्हॉन, तुझी पोरं आत घालून. रस्त्याचं भ्या नाही. पण तो म्हणाला, मी सामान होऊन येणार नाही. ट्रेलर जोडायचं काम माझं. जमलं तर निघू, नाही तर विकून टाक… तेच तर. न दिसणाऱ्या माणसाने जोडायचा कसा?

तर गेलो दुकानात. माझं ठरलेलं, आपोआप सरकणारा घ्यायचा. आमचा हौदा आखूड. घट्ट वळण घेतलं की ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेवर येतो. तो हिच आपला आपण मागे सरकतो, काच वाचते… मी तेच म्हणाले! आणि हा पठ्ठ्या काय करतो, टोपी डोळ्यांवर ओढून दुकानदाराला म्हणतो, एकेकाचा जबडा मिटव. पुन्हा मिटव. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं… आणि निवडला कुठला? हाताने सरकवायचा. वळण आलं की थांबा, उतरा, दांडा ओढा.

भांडले ना, घर येईपर्यंत. शेवटी हळूच म्हणाला, दुसरे सगळे मुकाट मिटतात. हा बोलतो.

…हां. मिटताना खटकन आवाज. आता कळलं तुला? मला कळायला रात्र गेली… अगं, खुंटा बसलेला दिसतो आणि जबडा उघडाच असतो कधीकधी. पुढे निघालं की आख्खं घर हौद्यावर. शेजारच्या मर्लचं नाही झालं? दोन्ही डोळे शाबूत असून?

ओढेन मी दांडा. दर वळणाला उतरेन, मला कुठे वेळ गाठायचीय… जन्मभर तो गाडी मागे घेणार, मी मागे उभी राहून हात हलवणार, आणि कॅम्पातली सगळी माणसं खुर्च्या टाकून आमचं भांडण बघणार. आता उलट. तो उभा राहील. बघू दे लोकांना.

थांब, आलाच… हो व्हर्लिन, लॅव्हॉनच आहे… आत्ता जोडायचा? उजेड चाललाय रे… म्हणतो, जाऊ दे, मला काय फरक पडतो.

नको, ठेवू नकोस फोन. केबिनमध्ये बसतेय, इथे काचेपाशी ठेवते तुला, स्पीकर लावून… व्हर्लिन, मागचा फाळका खालीच आहे ना?… हात लावून बघितलास? बरं.

घेतेय मागे… हळू… मागच्या काचेतून दिसतोय खुंटा… आणखी जरा… बसला. लॅव्हॉन, बसला… मला कुठलं ऐकू येतंय, इंजिन चालू आहे.

…नाही म्हणतोय. मान हलवतोय… दिसतोय की रे बसलेला!… बरं बाबा. पुढे घेते. पुन्हा.

…गप्प बस जरा.

…

हात वर केला. लॅव्हॉन, हात वर केला त्याने… काय? ट्रेलरकडे नाही बघत, तिकडे कोठाराकडे बघतोय… नाही गं, चुकून नाही. त्याला मला बघायचं असलं की तो असाच बाजूला बघतो, डोळ्याच्या कडेने.

…हो. हो… बरं, ठेवते. ट्रेलर पुढे ओढून बघायला सांगतोय.